तळाशी उमटलेले नाव

नाशिकच्या जुन्या पेठेतील एक तीन मजली वाडा पुनर्बांधणीसाठी रिकामा होत होता. किराणा-भुसारच्या आडतीवर चार पिढ्या जगलेले ते कुटुंब. तीन भाऊ, तीन चुली आणि वडिलोपार्जित वस्तूंचे वाटप. तांब्या-पितळेची भांडी तोलून वाटली गेली. सागवानी पेट्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. राहिले ते माडीवरच्या भिंतीतील काचसामानाचे कपाट. त्यात एक जाड नक्षीदार वाडगा, पिवळसर पोपटी रंगाची एक लहान बशी, एक उंच फुलदाणी आणि मधाच्या रंगाचे सहा गिलास होते. गिलासांवर उन्हाची तिरीप पडली की साबणाच्या फुग्यावर दिसते तशी रंगीबेरंगी झाक उमटत असे. प्रत्येक गिलासाच्या तळाशी इंग्रजी अक्षरांत एकच शब्द उठावाने उमटलेला होता : जैन.

या गिलासांविषयी घरात एक कथा चालत आलेली होती. दादाजींनी ते खास विलायतेत सांगून, आपल्या समाजाचे नाव घालून करवून घेतले, अशी ती कथा. लहानपणी तिन्ही भावांनी ती ऐकलेली, पुढे आपल्या मुलांना सांगितलेली. त्यामुळे पाहुणे आले तरी ते गिलास कधी खाली उतरत नसत.

जुन्या वस्तूंचा एक व्यापारी घर पाहावयास आला. वाडगा हातात घेऊन त्याने बोटाची टिचकी मारली आणि म्हणाला, "शेठजी, अस्सल बेल्जियमची काच आहे." सर्व काचसामानाची त्याने एकगठ्ठा किंमत सांगितली. मात्र आणखी एक गोष्ट सुचवली. कुटुंबाने दुकानाच्या छापील कागदावर, सही-शिक्क्यानिशी, "हे सामान बेल्जियमचे असून शंभर वर्षांपासून आमच्या घरात आहे" असे लिहून दिले, तर तो दीडपट रक्कम द्यावयास तयार होता. जुन्या पेढीच्या शब्दाला बाजारात किंमत असते, हे त्याला ठाऊक होते.

मधले बंधू लिहून देण्यास राजी होते. "भाऊ, दादाजी स्वतः सांगत असत. मग लिहायला हरकत काय?" असे ते म्हणाले. थोरल्या बंधूंनी थोडा विचार करून उत्तर दिले, "दादाजी सांगत असत, एवढे मी आजच लिहून देतो. पण बेल्जियम लिहायचे तर आधार पाहिजे." व्यापाऱ्याकडून त्यांनी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. मधल्या बंधूंची मुलगी महाविद्यालयात शिकणारी, ती म्हणाली, "मोठे पप्पा, आधार मी शोधते. तुम्ही फक्त जुन्या वह्या बाहेर काढा."

हा प्रसंग एका घरातील असला तरी प्रश्न पुष्कळ घरांतील आहे. व्यापारी कुटुंबांच्या कपाटांत अशी काच आजही आढळते आणि वाडे पाडले जात असताना ती भराभर बाहेर पडत आहे. कोणी ती भंगारात देतो, कोणी ऐकीव नावावर चढ्या भावाने विकतो. दोन्हीकडे नुकसान आहे. ते टाळावयाचे तर वस्तू ओळखावी कशी, आणि ओळख पटल्यावर ती कोणत्या शब्दांत सांगावी, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

काचेची भांडी घडवण्याच्या मुख्य रीती तीन. पहिली फुंकण्याची : नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन तो मोकळा किंवा साच्यात फुगवावयाचा. दुसरी कट ग्लासची, म्हणजे तयार जाड भांड्यावर फिरत्या चाकाने पैलू पाडण्याची. तिसरी दाबण्याची. वितळलेल्या काचेचा मोजका गोळा लोखंडी साच्यात सोडावयाचा आणि वरून तरफेने दट्ट्या दाबावयाचा. साच्यातील नक्षी बाहेरून उमटते आणि दट्ट्या आतली पोकळी घडवतो. या तिसऱ्या प्रकाराला 'प्रेस्ड ग्लास' म्हणतात. १८२० च्या दशकात अमेरिकेत ही रीत व्यापारी प्रमाणावर रुजली आणि मग इंग्लंड व युरोपात पसरली. कट ग्लासचे एक भांडे पैलू पाडण्यात कुशल कारागिराचा कितीतरी वेळ घेई. दाबाच्या यंत्रावर त्याच धाटणीची भांडी एकामागून एक निघत. श्रीमंतांच्या मेजावरची नक्षी अशा रीतीने मध्यमवर्गाच्या घरात आली.

या तीन रीती ओळखण्यासाठी डोळ्यांइतकेच बोटांवर विसंबावे लागते. भांड्याच्या आत बोट फिरवावे. बाहेर नक्षी उठावाची आणि आतून पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर दट्ट्याने दाबलेली काच असण्याचा संभव मोठा. बाहेरच्या फुगवट्याशी आतला खोलगटपणा जुळत असेल, तर ती साच्यात फुंकलेली. पैलूंच्या कडा बोटाला धारदार लागल्या तर ते बहुधा चाकाचे काम. दाबलेल्या नक्षीच्या कडा किंचित बोथट, वितळून गोल झाल्यासारख्या असतात. साच्याचे भाग जिथे मिळतात तिथे काचेवर केसासारखी बारीक सांधरेषा राहते. अशा रेषा दोन, तीन किंवा चार असतात, आणि साचा किती भागांचा होता हे त्यांवरून कळते. आणखी एक कसोटी तर्काची. दाबल्यानंतर दट्ट्या वर निघावा लागतो. म्हणून दाबलेले भांडे घडताना तळापेक्षा तोंडाशी रुंदच असावे लागते. ज्याचे तोंड पोटापेक्षा अरुंद, त्याला साच्याबाहेर काढून गरम असतानाच पुन्हा आकार दिलेला असतो, नाहीतर ते दाबलेले नसतेच.

या कसोट्या कपाटातील वस्तूंना लावल्यावर पहिलाच धक्का बसला. वाडगा आणि बशी दाबलेली निघाली. फुलदाणी दाबून, मग गरम असतानाच ओढून उंच केलेली दिसत होती; कारण तिच्या सांधरेषा वर जाता जाता ताणल्या गेल्या होत्या. गिलासांत मात्र बोट घालताच बाहेरच्या नक्षीचे चढउतार आतूनही जाणवले. ते साच्यात फुंकलेले होते. व्यापाऱ्याने सर्वांना एकच नाव दिले होते, पण निदान दोन रीतींचा माल त्या एका कपाटात नांदत होता.

आता 'बेल्जियम' या नावाविषयी. महाराष्ट्रातील घरांत कोणत्याही जाड, जुन्या, चमकदार काचेला बेल्जियमची म्हणण्याची सवय आहे. या सवयीला कारण आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतात येणाऱ्या काचमालात ऑस्ट्रिया-हंगेरी, बेल्जियम आणि जर्मनी यांचा वाटा मोठा होता. बांगड्या आणि मणी बोहेमियातून येत. खिडक्यांची सपाट काच प्रामुख्याने बेल्जियमहून येई. त्यामुळे 'बेल्जियमचा आरसा' ही प्रतिष्ठेची वस्तू ठरली आणि आरशाचे ते नाव पुढे वाडग्याला, झुंबराला आणि बरणीलाही चिकटले. युद्धात युरोपचा माल अडला आणि ती जागा मोठ्या प्रमाणावर जपानने घेतली. याचा अर्थ बेल्जियमचे दाबलेले भांडे भारतीय घरात असूच शकत नाही असा नव्हे. लीज शहराजवळचा व्हाल सें लाम्बेर हा कारखाना १८२६ पासूनचा, आणि त्याने दाबलेली काचही केली. परंतु बाजारात ऐकू येणारे 'बेल्जियम' हे नाव बहुतेक वेळा अंदाजाचे असते, आणि अंदाजाला साक्ष म्हणता येत नाही.

खरी साक्ष पुष्कळदा वस्तूवरच असते. मात्र ती भिंगातून शोधावी लागते. इंग्रजी काच याबाबतीत उदार आहे. १८४२ ते १८८३ या काळात इंग्लंडमध्ये नोंदवलेल्या नक्षीवर शंकरपाळ्याच्या आकाराची एक खूण असे. तिच्या माथ्यावरच्या वर्तुळात मालाचा वर्ग रोमन अंकाने दिलेला असतो. काचेचा वर्ग तिसरा. कोपऱ्यांतील अक्षरे आणि अंक नोंदणीचे वर्ष, महिना आणि दिवस सांगतात. १८८४ पासून ही खूण जाऊन तिच्या जागी साधा अनुक्रमांक आला. त्याच्याआधी 'आर डी' ही दोन अक्षरे असतात. क्रमांक एकपासून सुरू होऊन १९०० सालाच्या आरंभी तो साडेतीन लाखांच्या पुढे गेला होता. याशिवाय काही कारखान्यांच्या स्वतःच्या मुद्रा आहेत. गेट्सहेड येथील सोवरबी कारखान्याची मुद्रा मोराच्या डोक्याची; त्याच गावच्या डेव्हिडसनची मुद्रा बुरुजातून वर आलेल्या सिंहाची; संडरलंडच्या ग्रीनरचा सिंह पंजात परशू धरलेला. या मुद्रा डाळीच्या दाण्याएवढ्या असतात आणि पुष्कळदा भांड्याच्या आतल्या तळावर असतात, म्हणून त्या सहज नजरेतून सुटतात.

घरातील वाडग्यावर तसा क्रमांक सापडला. पन्नास वर्षे ज्याला बेल्जियमचा म्हटले गेले, त्याच्या आतल्या तळावर नक्षीच्या एका पाकळीआड 'आर डी' ही अक्षरे आणि तीन लाख साठ हजारांच्या घरातील एक आकडा होता. म्हणजे नक्षीची नोंद इंग्लंडमध्ये १९०० साली झालेली. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. हा क्रमांक नक्षी केव्हा नोंदली गेली ते सांगतो. तो वाडगा केव्हा घडला ते सांगत नाही. बँकेच्या पासबुकावर खाते उघडल्याची तारीख असते. त्यावरून एखादी रक्कम केव्हा जमा झाली हे ठरत नाही. नक्षी चालली तर साचा वर्षानुवर्षे वापरात राहतो. म्हणून "१९०० सालचा वाडगा" असे लिहिणे चुकीचे. "१९०० साली नोंदलेल्या नक्षीचा इंग्रजी वाडगा" असे लिहिणे बरोबर. नोंद कोणत्या कारखान्याने केली याचे उत्तर लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या नोंदवह्यांत मिळू शकते.

देशाचे नावही तारखेचा पुरावा ठरते. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. त्यानंतर अशी नावे मालावर सर्रास दिसू लागली. 'चेकोस्लोव्हाकिया' असे उमटलेली वस्तू १९१८ पूर्वीची असूच शकत नाही, कारण तो देशच त्या वर्षी जन्माला आला. 'ऑक्युपाइड जपान' असा शिक्का असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या परकीय ताब्याच्या काळातील. कागदी लेबल शिल्लक असेल तर ते पाण्याने काढून टाकण्याचा मोह आवरावा. कधी कधी तेवढाच एक साक्षीदार उरलेला असतो.

पोपटी बशीवर मात्र काहीच खूण नव्हती. तिची ओळख एका वेगळ्या साधनाने पुढे सरकली, आणि ते साधन दुकानाच्या गल्ल्यावरच होते. नाशिकरोडला नोटा छापल्या जातात आणि नाशिकच्या दुकानांत त्या तपासल्याही जातात. त्यासाठी ठेवलेल्या जांभळ्या दिव्याखाली खऱ्या नोटेवरचा क्रमांक आणि बारीक तंतू चमकतात. मुलीने अंधाऱ्या खोलीत तोच दिवा बशीवर धरला. बशी गर्द हिरव्या उजेडाने पेटून उठली. अशी झळाळी युरेनियमयुक्त काचेची असते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून बोहेमियात आणि नंतर अनेक देशांत काचेला हा पिवळा-पोपटी रंग आणण्यासाठी युरेनियमची संयुगे मिसळत असत. अशी वस्तू कपाटात शोभेसाठी ठेवण्यास हरकत नसते. खाण्यापिण्याच्या वापरात मात्र ती न आणणे शहाणपणाचे. आणि येथेही मर्यादा लक्षात घ्यावयाची. दिव्याने काचेतील घटक सांगितला. देश किंवा कारखाना सांगितला नाही. जुन्या बिनरंगी काचेतील मँगनीजही कधी कधी फिकट हिरवट चमक देते; तिला युरेनियम समजण्याची चूक पुष्कळांकडून होते.

राहिले ते सहा गिलास. त्यांच्यावरील मधाळ, इंद्रधनुषी झाक म्हणजे काचेचा मूळ रंग नव्हे. भांडे गरम असतानाच त्यावर धातूच्या क्षारांचे द्रावण फवारले की पृष्ठभागावर अतिशय पातळ थर बसतो आणि प्रकाश त्यावर फुटून रंग दाखवतो. १९०७ च्या सुमारास अमेरिकेतील फेंटन कारखान्याने अशी स्वस्त, दाबलेली, रंगझाकीची काच बाजारात आणली. पुढे ती जत्रांमधून बक्षीस म्हणून वाटली जाई, म्हणून नंतरच्या काळात तिला 'कार्निव्हल ग्लास' हे नाव पडले. ही विद्या अमेरिकेतून इंग्लंड, युरोप, ऑस्ट्रेलिया असा प्रवास करीत भारतातही आली.

भारतात येथवर पोहोचण्यासाठी आधी काचधंदा उभा राहावा लागला होता, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा मागून पैसाफंड उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिले. त्या निधीतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसाफंड काच कारखाना सुरू झाला. परदेशी शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे काम उभे केले आणि तेथून शिकून बाहेर पडलेले कारागीर देशभरातील कारखान्यांत गेले. १९१६ साली ओगले बंधूंनी कराडजवळ, पुढे ओगलेवाडी म्हणून प्रसिद्ध झालेल्या ठिकाणी, कारखाना काढला. त्यांनी आपल्या कंदिलाला वडिलांचे नाव दिले. तो 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचला. कंदिलाची काच साधारणतः फुंकून करतात. म्हणूनच एखादा दाबलेला वाडगा केवळ महाराष्ट्रात सापडला या कारणाने 'ओगल्यांचा' म्हणणे, हेदेखील बेल्जियमसारखेच घाईचे होईल. स्वदेशीचा अभिमान ही चांगली गोष्ट आहे, पण पुराव्याची जागा तिलाही घेता येत नाही.

बांगड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध असलेले उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद शहर या काळात भांड्यांकडेही वळले. तेथे जैन ग्लास वर्क्स हा कारखाना उभा राहिला. शेठ छदामीलाल जैन यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. पेले, फुलदाण्या, मासा आणि हत्ती यांच्या आकारांची नक्षी, फुलदाणी तोलून धरणारा मानवी हात, अशा खास भारतीय कल्पना या कारखान्याने कार्निव्हल काचेत उतरवल्या. आपले नाव तो पुष्कळदा साच्यातच कोरीत असे. म्हणून ते भांड्याच्या तळाशी किंवा नक्षीत उमटलेले सापडते. आज परदेशी संग्राहक ही भांडी हौसेने जमवतात आणि त्यांच्या ग्रंथांत त्यांची स्वतंत्र नोंद आहे. याच शेठजींनी फिरोजाबादेत उभारलेल्या जिनमंदिरातील भगवान बाहुबलींची ४५ फूट उंचीची भव्य मूर्ती पाहण्यासाठी यात्रेकरू दूरवरून येतात. त्या यात्रेकरूंपैकी कितीतरी जणांच्या घरी त्यांच्याच कारखान्याचे गिलास कपाटात असतील, आणि त्यांना त्याची कल्पनाही नसेल.

तर मग 'जैन' हा शब्द दादाजींनी घालून घेतलेला नव्हता. तो निर्मात्याचा होता. हे ऐकताच धाकट्या बंधूंचा चेहरा उतरला. ज्या कथेवर घर साठ-सत्तर वर्षे खूश होते, ती एका भिंगाखाली विरघळून गेली होती. मधले बंधू तर म्हणाले, "मग ठेवायचे तरी कशाला? देशी माल, साधा माल."

त्याच सुमारास थोरल्या बंधूंनी लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्यांची पोटली सोडली. दादाजींचा हात महाजनी लिपीचा. घरात ती वाचू शकणारे आता एकटे थोरले बंधूच. तीन दिवस ते रोजमेळाची पाने चाळीत होते. अखेर विक्रम संवत २००४ च्या वहीत, लग्नखर्चाच्या सदरात, मुंबईच्या आडत्यामार्फत आलेल्या सामानाच्या यादीत एक ओळ मिळाली : काचेचे गिलास, डझन एक. संवत २००४ म्हणजे १९४७ च्या दिवाळीनंतरचे वर्ष. त्या वर्षी घरात एकच लग्न झाले होते, ते तिन्ही भावांच्या वडिलांचे. म्हणजे गिलास विलायतेचे नव्हते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या लग्नसराईत, या घरात त्यांच्या आईच्या पावलांबरोबर आलेले होते. बारांतले सहा वापरात फुटले असावेत. सहा उरले, ते का जपले गेले, हे मग कोणी विचारले नाही.

वहीत कारखान्याचे नाव नव्हते आणि गिलासावर साल नव्हते. एकाने जे सांगितले नाही ते दुसऱ्याने सांगितले. ओळख पटवण्याचे काम बहुधा असेच होते. एक पुरावा क्वचितच पुरतो, दोन स्वतंत्र पुरावे एकमेकांना भेटले की विश्वास बसतो. व्यापारी कुटुंबांना या बाबतीत एक संपत्ती लाभलेली आहे, जी पुष्कळ संग्राहकांकडे नसते. जुन्या वह्या, बिजके, हुंड्यांची टिपणे, आडत्यांची पत्रे ही वस्तूच्या मालकीची अखंड साखळी असते. वाडा रिकामा करताना सर्वात आधी रद्दीत जातात त्या याच वह्या. भांडी वाचवावयाची असतील तर आधी वह्या वाचवाव्यात.

वस्तू हातात घेऊन तपासताना आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. खऱ्या जुन्या भांड्याच्या तळाशी वापराचे ओरखडे असतात; ते बारीक, अनियमित आणि सर्व दिशांनी गेलेले असतात. एकाच दिशेने ओढलेले, सारख्या खोलीचे ओरखडे दिसले तर कोणीतरी वय चढवले आहे असे समजावे. नुसत्या नक्षीवरून कारखाना ठरवू नये. साचे लोखंडी, टिकाऊ आणि महाग; कारखाना बंद पडला की ते दुसऱ्याला विकले जातात, आणि चाललेल्या नक्षीची नक्कलही होते. नक्षी सारखी असली तरी माप, वजन, सांधरेषांची संख्या आणि तळाची घडण जुळते का, हे पाहावे. जुन्या कारखान्याच्या छापील सूचिपत्रातील चित्राशी या सर्व गोष्टी जुळल्या तर तो उत्तम पुरावा. स्वच्छ करताना कोमट पाणी आणि मऊ फडके पुरेसे आहे. राख, चिंच, काथ्या यांनी पितळ उजळते, पण रंगझाकीच्या काचेवरचा पातळ थर कायमचा निघून जातो. थंड काचेवर एकदम कढत पाणी ओतणे म्हणजे ती तडकवण्याची तयारीच.

प्रत्येक वस्तूसाठी एक चिठ्ठी करावी. तीवर उंची, व्यास, वजन, रंग, सांधरेषा, खुणा, ती घरात कशी आली आणि हे कोणी सांगितले, एवढे लिहावे. त्यानंतर निष्कर्षासाठी तीनच शब्द वापरावेत. नाव किंवा मुद्रा उमटलेली असेल, अथवा सूचिपत्राशी पूर्ण मेळ बसत असेल, तर 'निश्चित'. दोन-तीन लक्षणे जुळतात पण थेट खूण नाही, तर 'बहुधा'. काहीच कळत नसेल तर 'अज्ञात'. हा तिसरा शब्द लिहिण्यात कमीपणा मानू नये. ताळेबंदात अनिश्चित येणे निश्चित म्हणून दाखवले की पेढी काही काळ श्रीमंत दिसते, नंतर बुडते.

पंधरा दिवसांनी व्यापारी परत आला. थोरल्या बंधूंनी छापील कागदावर चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. नक्षीदार वाडगा : इंग्लंड, निश्चित, नक्षीची नोंद १९००, कारखाना अद्याप शोधलेला नाही. पोपटी बशी : युरेनियमयुक्त दाबलेली काच, देश व कारखाना अज्ञात. फुलदाणी : दाबून ओढलेली काच; देश व कारखाना अज्ञात. सहा गिलास : जैन ग्लास वर्क्स, फिरोजाबाद, निश्चित; संवत २००४ मध्ये खरेदी; विक्रीस नाहीत. खाली सही आणि पेढीचा शिक्का.

व्यापाऱ्याने कागद दोनदा वाचला. "शेठजी, 'अज्ञात' लिहिलेल्या मालाला गिऱ्हाईक कमी भाव देते," तो म्हणाला. थोरले बंधू म्हणाले, "देऊ द्या. ज्याचा आधार नाही त्याचे पैसे आम्ही कसे घेणार?" पहिल्या वेळी सांगितलेल्या रकमेपेक्षाही थोड्या कमी रकमेवर सौदा ठरला. वाडग्याला मात्र त्याने आपणहून चढा भाव लावला. नोंदणीचा क्रमांक दाखवता येतो म्हटल्यावर त्याला तो वाडगा निःशंकपणे विकता येणार होता.

मधल्या बंधूंना तूट खुपली, आणि त्यांनी ती बोलून दाखवली. तेव्हा थोरल्या बंधूंनी तत्त्वार्थसूत्राची आठवण करून दिली. अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तेथे सांगितले आहेत, त्यांतील अखेरचा 'प्रतिरूपक व्यवहार' : एक वस्तू दुसरी म्हणून देणे. तुपात भेसळ करणारा तो करतो, तसा जुन्या भांड्याला न सिद्ध झालेले नाव देणाराही करतो. खोट्या वजनाचे माप तरी तराजूवर पकडता येते. खोट्या नावाचे माप घेणाऱ्याला कुठेच पकडता येत नाही, कारण तो विकणाऱ्याच्या शब्दावरच विसंबलेला असतो. म्हणून त्या शब्दाची जबाबदारी अधिक.

त्या संध्याकाळी गिलासांची वाटणी झाली. तीन घरे, सहा गिलास, प्रत्येकी दोन. मुलीने प्रत्येक जोडीबरोबर वहीतील त्या ओळीची छायाप्रत आणि तिचे देवनागरीत केलेले लिप्यंतर ठेवले. आपली जोडी उचलताना मधल्या बंधूंनी एक गिलास उलटा करून तळाकडे बराच वेळ पाहिले. मग ती छायाप्रत नीट घडी घालून खिशात ठेवली. थोरल्या बंधूंनी त्या दिवसाच्या पानावर विक्रीची रक्कम जमा केली आणि तपशिलाच्या रकान्यात लिहिले : काचसामान, तीन नग, पैकी दोन अज्ञात.